माळ्यावरची फ्लॅशगन आणि हातातला डिजिटल कॅमेरा : वाचकांचे प्रश्न

दिवाळीपूर्वी घरोघरचे माळे आवरले जातात आणि त्यानंतरच्या महिन्यात या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो, हा माझा दरवर्षीचा अनुभव आहे. या वेळी पितळी डब्यांच्या आणि जुन्या दिवाळी अंकांच्या मागून निघालेल्या फ्लॅशगनविषयी इतकी पत्रे आली, की त्यांतील निवडक सहा एकत्र घेऊन संपूर्ण सदर त्यांनाच द्यावे असे ठरवले. पत्रांतील मजकूर थोडा संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांचा लक्ष्मी रस्त्याजवळ लहानसा फोटो स्टुडिओ होता. त्यांची व्हिविटार २८३ ही फ्लॅशगन माळ्यावर सापडली. चार नवे सेल घातल्यावर ती व्यवस्थित चालू झाली. माझ्याकडे निकॉनचा डीएसएलआर आहे. दुकानदार म्हणतात, लावलीत तर कॅमेरा जळेल. ऑफिसमधला मित्र म्हणतो, तो वर्षभर वापरतो आहे, काही होत नाही. कोणाचे ऐकावे? (एक वाचिका, कोथरूड)

उत्तर : दोघांचेही ऐकू नये. आपल्या हातातल्या फ्लॅशगनचा सिंकचा दाब, म्हणजे ती कॅमेऱ्याच्या संपर्कांवर टाकते तो विजेचा दाब, मोजावा आणि जो आकडा येईल त्यावरून निर्णय घ्यावा. दुकानदार आणि आपले मित्र आपापल्या अनुभवापुरते खरेच बोलत आहेत, कारण २८३ या एकाच नावाखाली आतून निरनिराळ्या असलेल्या फ्लॅशगन अनेक वर्षे विकल्या गेल्या. सुरुवातीच्या काळात जपानमध्ये बनलेल्या अनेक नगांचा सिंकचा दाब २०० व्होल्टच्या पुढे असतो, काहींचा तर ३०० व्होल्टच्या जवळ जातो. नंतर कोरियात आणि चीनमध्ये बनलेल्या नगांचा दाब बहुधा १० व्होल्टच्या आसपासच राहतो. बाहेरून पाहिले तर तोच काळा डबा, तीच डायल आणि तेच वर वळणारे डोके.

हा दाब येतो कोठून, हे एकदा समजून घेतले की पुढची बरीच उत्तरे आपोआप मिळतात. फ्लॅशच्या काचनळीत झेनॉन वायू असतो आणि नळीच्या दोन टोकांना मुख्य कपॅसिटरचा, म्हणजे जुने कारागीर ज्याला कंडेन्सर म्हणतात त्याचा, सुमारे ३०० ते ३५० व्होल्टचा दाब दिलेला असतो. एवढ्याने नळी पेटत नाही. तिला वेगळी ठिणगी लागते. त्यासाठी एक छोटा कपॅसिटर जवळजवळ तितक्याच दाबाने भरून ठेवलेला असतो. तो एका लहानशा कॉइलमधून एकदम रिकामा केला, की कॉइलच्या दुसऱ्या बाजूला काही हजार व्होल्टचा झटका तयार होतो, वायू वाहक बनतो आणि मुख्य कपॅसिटरमधला सगळा साठा साधारणतः सेकंदाच्या हजाराव्या भागात नळीतून वाहून जातो. जुन्या रचनेत हा छोटा कपॅसिटर रिकामा करण्याचे काम थेट कॅमेऱ्यावर सोपवलेले असे. शटर पूर्ण उघडले, की कॅमेऱ्यातल्या धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकत आणि दोनतीनशे व्होल्टचे ते मंडळ त्यांच्यातून पूर्ण होई. पट्ट्यांना त्याचे काहीच वाटत नसे. फार तर वर्षानुवर्षांच्या वापराने त्यांची टोके काळवंडत. डिजिटल कॅमेऱ्यात त्या पट्ट्यांची जागा सिलिकॉनच्या स्विचने घेतली, आणि सिलिकॉनला सोसवेल अशा दाबाची ठरावीक मर्यादा असते. नंतरच्या फ्लॅशगनमध्ये ही जोडणी आतल्या आत थायरिस्टर नावाच्या एका इलेक्ट्रॉनिक स्विचकडून करून घेतली जाते आणि कॅमेऱ्याकडे केवळ काही व्होल्टचा इशारा येतो. म्हणून त्या निर्धोक ठरतात.

ही मर्यादा प्रत्येक कॅमेऱ्याची वेगळी आहे. आयएसओ १०३३० हे १९९२ चे प्रमाण हॉट शूसाठी, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅशगन बसते त्या खाचेसाठी, २४ व्होल्ट सांगते. निकॉन आपल्या माहितीपुस्तिकेत २५० व्होल्टपेक्षा जास्त दाब किंवा उलट ध्रुवाचा दाब देऊ नये, असे स्पष्ट लिहिते. कॅननच्या ३००डी, १०डी या आरंभीच्या कॅमेऱ्यांसाठी अवघ्या ६ व्होल्टची मर्यादा सांगितली जात असे. त्यामुळे आपल्या मित्राचा कॅमेरा कोणता आणि त्याची फ्लॅशगन कोणत्या काळातली, हे कळल्याशिवाय त्याच्या ‘काही होत नाही’ या शब्दांना काहीच किंमत देता येत नाही.

मोजणी घरी करता येते. बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत मिळणारा साधा डिजिटल मल्टीमीटर त्यासाठी पुरतो. मात्र त्यावर डीसी व्होल्टचा ६०० किंवा १००० चा टप्पा असावा आणि मीटर त्याच टप्प्यावर ठेवूनच सुरुवात करावी. फ्लॅशगनमध्ये कोरे सेल घालावेत, कारण अर्धवट उतरलेल्या सेलवर आकडा कमी दिसून फसगत होऊ शकते. फ्लॅशगन टेबलावर जाड टॉवेलवर आडवी ठेवावी, तिचे तोंड भिंतीकडे करावे, चालू करावी आणि आतली बारीक शीळ चढत चढत थांबून रेडी लाइट, म्हणजे फ्लॅशगन भरल्याची खूण देणारा छोटा दिवा, लागेपर्यंत वाट पाहावी. मग मीटरचे लाल टोक फ्लॅशगनच्या पायाच्या, म्हणजे हॉट शूमध्ये सरकणाऱ्या भागाच्या, मधोमध असलेल्या गोल संपर्कावर आणि काळे टोक पायाच्या कडेच्या धातूच्या पट्टीवर टेकवावे. बऱ्याच जुन्या फ्लॅशगनचा पाय प्लॅस्टिकचा असतो आणि कडेला धातूची केवळ एक चिंचोळी चकती दिसते, तीच पट्टी समजावी. दोन्ही टोके एकमेकांना लागली तर फ्लॅश पडतो. त्याने बिघडत काही नाही, पण डोळे समोर असतील तर पुढची पाच मिनिटे जांभळे ठिपके दिसत राहतात. आकड्याच्या आधी उणे चिन्ह आले, तर ध्रुव उलटे आहेत असे समजून ती फ्लॅशगन कॅमेऱ्यावर लावण्याचा विचार सोडून द्यावा.

गेल्या वर्षी एका शेजाऱ्यांनी रविवारच्या जुन्या बाजारातून दोन २८३ आणल्या, दोन्ही धूळ पुसल्यावर जुळ्या बहिणींसारख्या दिसणाऱ्या. पहिलीचा आकडा ८.६ वर स्थिर झाला. दुसरीचा मीटर १८०, २०५, २२० असा चढत गेला, तेव्हा त्यांनी नकळत खुर्ची मागे सरकवली. दोघींच्या तळाशी कोरलेल्या देशांच्या नावांतच काय तो फरक होता. मात्र देशाच्या नावावरून अंदाज बांधता येतो, खात्री होत नाही, म्हणून मोजणी कोणालाच चुकत नाही.

आपला आकडा २५ व्होल्टच्या आत आला तर निकॉनवर निश्चिंतपणे लावावी. तो २५ ते २०० च्या दरम्यान आला, तर नियमाप्रमाणे निकॉनला चालेल. माझ्या कॅमेऱ्यावर मात्र मी लावणार नाही. २०० च्या पुढे गेला तर मध्ये संरक्षक घ्यावाच. हॉट शू आणि फ्लॅशगन यांच्यामध्ये बसणारे अडॅप्टर मिळते. वाइन कंपनीचे ‘सेफ सिंक’ हे त्यांतले जुने आणि परिचित नाव असून ते कॅमेऱ्याकडे येणारा दाब ६ व्होल्टच्या आत ठेवते. दुसरा मार्ग रेडिओ ट्रिगरचा, म्हणजे कॅमेऱ्यावरून बिनतारी इशारा देणाऱ्या उपकरणाचा, आहे. त्यात फ्लॅशगन कॅमेऱ्याला शिवतही नाही. तिचा सगळा दाब इशारा झेलणाऱ्या रिसीव्हरला सोसावा लागतो. म्हणून रिसीव्हर किती व्होल्टचा आहे, हे खरेदीच्या वेळीच विचारावे, नाही तर कॅमेरा वाचवून रिसीव्हर गमावण्याची वेळ येते. तसे झाले तरी नुकसान कॅमेऱ्याच्या मानाने किरकोळच असते.

प्रश्न : माझ्याकडे १९८० च्या सुमाराचा काट्याचा मीटर आहे. त्याच्या ५०० व्होल्टच्या टप्प्यावर माझ्या फ्लॅशगनचा दाब १३० व्होल्ट दिसतो. नातवाच्या डिजिटल मीटरवर तोच २३८ दिसतो. सेल तेच, दिवस तोच. माझ्या मीटरने आयुष्यभर मला कधी दगा दिलेला नाही. (एक निवृत्त वाचक, शनिवार पेठ)

उत्तर : आपल्या मीटरने याही वेळी दगा दिलेला नाही, त्याने जे पाहिले ते प्रामाणिकपणे सांगितले. गंमत अशी, की दोन्ही मीटर खऱ्यापेक्षा कमी सांगत आहेत.

फ्लॅशगनमधला छोटा कपॅसिटर मोठ्या रोधातून, बहुधा मेगओहमच्या घरातल्या रोधातून, भरला जातो. मीटर लावल्याबरोबर त्याचा स्वतःचा अंतर्गत रोध या रोधाशी वाटणी करू लागतो आणि दाब दोघांत विभागला जातो. त्या काळातल्या स्वस्त काट्याच्या मीटरचा रोध व्होल्टमागे २,००० ओहम असे, म्हणजे ५०० च्या टप्प्यावर अवघा १ मेगओहम. डिजिटल मीटरचा रोध सामान्यतः १० मेगओहम असतो. आपल्या फ्लॅशगनमधला रोध साधारण १ मेगओहम आहे असे धरले, तर काट्याच्या मीटरला निम्मा दाब दिसणार आणि डिजिटल मीटरला अकरापैकी दहा भाग दिसणार. आपले दोन्ही आकडे या हिशेबात इतके नेमके बसतात, की मूळ दाब २६२ व्होल्टच्या आसपास निघतो. १३० दुणे २६०, आणि २३८ ला ११ ने गुणून १० ने भागले तर सुमारे २६२.

हा केवळ गणिताचा खेळ नाही. निकॉनची मर्यादा २५० व्होल्टची आहे. नातवाच्या मीटरवरचा २३८ हा आकडा मर्यादेच्या आत दिसतो आणि खरा दाब तिच्या बाहेर आहे. म्हणूनच वरच्या उत्तरात मी २०० च्या पुढे संरक्षक घ्यावाच असे लिहिले. डिजिटल मीटरवर येणाऱ्या आकड्यात निदान दहा टक्के मिळवून मगच तुलना करावी, आणि काट्याच्या मीटरला या एका कामातून निवृत्ती द्यावी.

प्रश्न : मी कॅननचा १५००डी घेतला. मित्राची जुनी फ्लॅशगन त्याच्यावर बसते, पण पडत नाही. त्याच्या कॅमेऱ्यावर ती पडते. माझा कॅमेरा सदोष आहे का? तिचा दाब मोजला, तो ५ व्होल्ट आहे. (एक वाचक, सिंहगड रस्ता)

उत्तर : कॅमेरा सदोष नाही, त्याची घडणच तशी आहे. हॉट शूकडे वरून पाहा. मित्राच्या कॅमेऱ्याच्या शूमध्ये मधोमध एक मोठा गोल संपर्क दिसेल. आपल्या कॅमेऱ्यात त्या जागी काहीच नाही. कॅननने १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ या कॅमेऱ्यांमधून मधला संपर्क काढून टाकला आणि कॅननच्या स्वतःच्या फ्लॅशला लागणारे लहान संपर्क तेवढे ठेवले. जुन्या फ्लॅशगनला इशारा मिळण्याची एकमेव वाट ती मधलीच असते. इतका स्वस्त भाग वाचवून कंपनीने काय साधले, हे मला आजवर उमगलेले नाही.

आपल्यापुढे दोन मार्ग आहेत. कॅननच्या लहान संपर्कांवरून इशारा घेणारे, मधल्या संपर्काविना चालणारे रेडिओ ट्रिगर मिळतात. खरेदी करताना आपला कॅमेरा दुकानात नेऊन प्रत्यक्ष लावून पाहावा. दुसरा मार्ग स्वस्त आहे. फ्लॅशगनच्या पायाला बसणारा प्रकाशावर चालणारा स्लेव्ह घ्यावा आणि कॅमेऱ्याच्या अंगच्या फ्लॅशने त्याला चेतवावे. यात एक अडचण हमखास येते. अंगचा फ्लॅश फोटोच्या आधी प्रकाश मोजण्यासाठी एक हलका झोत टाकतो, तो आपल्याला जाणवतही नाही. साधा स्लेव्ह मात्र त्या पहिल्या झोतावरच फ्लॅशगन पाडून मोकळा होतो आणि फोटोत तिचा प्रकाश येतच नाही. पहिला झोत सोडून दुसऱ्यावर चालणारा स्लेव्ह घेतला तर प्रश्न मिटतो. साधाच स्लेव्ह असेल, तर अंगचा फ्लॅश उघडून चांदणीचे चिन्ह असलेले बटण दाबावे. मोजणीचा झोत तेव्हाच पडून जातो, फ्लॅशगनही एकदा पडते. तिचा रेडी लाइट पुन्हा लागला की लगेच फोटो घ्यावा, कारण ही मोजणी काही सेकंदच टिकते. समारंभात ही कसरत जमणार नाही, घरात भांड्यांचे किंवा फुलांचे फोटो काढताना जमते. भर दुपारी शनिवारवाड्यासमोर स्लेव्हला हा झोत दिसेल, अशी अपेक्षाही ठेवू नये.

प्रश्न : सोनीच्या मिररलेस कॅमेऱ्यावर मी सहा महिने जुनी फ्लॅशगन वापरतो आहे. कधी पडते, कधी पडत नाही, पण कॅमेऱ्याला काही झालेले नाही. मग ती सुरक्षित आहे असे समजायला हरकत नसावी ना? (एक वाचक, औंध)

उत्तर : हरकत आहे. चालणे आणि सोसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मर्यादेपेक्षा जास्त दाबाने सिलिकॉनचा स्विच पहिल्याच वेळी जाईल असे नाही. प्रत्येक वेळी तो थोडा थोडा कमकुवत होत जातो आणि बाहेरून त्याची काहीच खूण दिसत नाही. माझ्या स्वतःच्या एका कॅमेऱ्याने असाच सव्वा वर्ष दम धरला. एका मंगल कार्यालयात, अंतरपाट धरलेला असताना, मी फ्लॅशगन शूवर सरकवली आणि शटरला हातही न लावता ती एकदा पडली. त्यानंतर शटर दाबून ती एकदाही पडली नाही. स्विच आतून कायमचा जोडला गेला होता, त्यामुळे फ्लॅशगनमधला छोटा कपॅसिटर पुन्हा भरतच नव्हता. बाकी कॅमेरा ठणठणीत होता, तरी दुरुस्तीला संपूर्ण वरचा भाग उघडावा लागला. मोजणी न करता लावल्याचा तो दोष सर्वस्वी माझाच.

सोनी आपल्या माहितीपुस्तिकेत जास्त दाबाच्या आणि उलट ध्रुवाच्या फ्लॅशगन लावू नयेत असे सांगते, तेव्हा आपण आधी मोजणी करावी आणि तोवर ती उतरवून ठेवावी.

‘कधी पडते, कधी पडत नाही’ याचे कारण बहुधा वेगळे आहे. शटर इलेक्ट्रॉनिक किंवा सायलेंट प्रकारावर असेल, तर बहुतेक मिररलेस कॅमेरे फ्लॅशला इशारा देतच नाहीत. तेव्हा शटर यांत्रिक प्रकारावर आणावे. मॅन्युअलमध्ये लेन्सचे छिद्र बारीक केल्यावर पडदा काळा दिसत असेल, तर मेन्यूतून सेटिंगचा परिणाम पडद्यावर दाखवणे बंद करावे. कॅमेऱ्याला ही फ्लॅशगन ओळखताच येत नसल्याने तो तिचा प्रकाश हिशेबात धरत नाही. फ्लॅशगनच्या पायावर मधल्या संपर्काखेरीज आणखी ठिपके असतील, तर ते दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यासाठी आहेत. त्यांवर चिकटपट्टी लावून फक्त मधला उघडा ठेवावा.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. आजोबांच्या फ्लॅशगनमध्ये सेल फुटून पांढरी बुरशी आली आहे. ती साफ करून, फ्लॅशगन उघडून, आत ऑप्टोकप्लर बसवून दाब कमी करण्याचा माझा विचार आहे. (शिवाजीनगर)

उत्तर : विचार चांगला आहे, पण ‘उघडून’ या शब्दावर थांबा.

आधी सेलच्या खणाविषयी. आपण जिला बुरशी म्हणता ते फुटलेल्या सेलमधले रसायन आहे. अल्कलाइन सेल असतील तर ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड असते आणि हवेने त्याचा पांढरा थर जमतो. कापूस गुंडाळलेली काडी व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात बुडवून थर पुसावा, हलका फेस येतो. मग पाण्याने जेमतेम ओलसर केलेल्या काडीने पुसून दिवसभर वाळू द्यावे. हातमोजे घालावेत आणि ते हात डोळ्यांना लावू नयेत. पितळी पट्टी हिरवी पडून पातळ झाली असेल तर बदलावी लागेल.

वीस वर्षे न वापरलेल्या फ्लॅशगनचा मुख्य कपॅसिटरही झोपी गेलेला असतो. त्याच्या आतला ऑक्साइडचा थर विरळ झाल्याने भरलेला साठा आतल्या आत गळत राहतो. सेल घालून चालू केल्यावर शीळ बराच वेळ थांबली नाही, तर घाबरू नये; दोनतीन मिनिटे वाट पाहून बंद करावी, पुन्हा चालू करावी. असे काही वेळा केल्यावर अनेक कपॅसिटर पूर्ववत होतात आणि रेडी लाइट लवकर लागू लागतो. मात्र सेल हाताला चटका बसण्याइतके तापले, जळका वास आला किंवा डब्याला फुगवटा दिसला, तर सेल काढून ती शोभेची वस्तू म्हणून कपाटात ठेवावी. पुण्याच्या पावसाळ्यातली दमट हवा या वस्तूंना मानवत नाही. नंतरही ती सेल काढूनच ठेवावी आणि महिन्यातून एकदा भरून चारपाच वेळा पाडावी.

आता उघडण्याविषयी. १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३३० व्होल्टने भरलेला असेल, तर त्यात ५४ जूल साठलेले असतात. सेल काढले, रेडी लाइट विझला, तरी त्यातला बराच साठा शिल्लक असू शकतो, आणि दोन्ही हातांच्या मधून तो गेला तर प्राणावर बेतू शकते. स्क्रू ड्रायव्हरने टोके जोडून तो रिकामा करण्याची प्रात्यक्षिके पाहायला मिळतात. त्यात ड्रायव्हरचे टोक वितळते, कपॅसिटरला इजा होते आणि डोळ्यांत ठिणगी जाते. २.२ किलोओहमचा, ५ वॉटचा रोध इन्सुलेशन असलेल्या चिमट्यांनी जोडून दहाबारा सेकंद धरला, की तो शांतपणे रिकामा होतो. त्यानंतर मीटर लावून पाहावे, मगच हात घालावा, आणि दुसरा हात खिशात ठेवावा.

खरे म्हणजे आपल्या कामासाठी हे काहीच करण्याची गरज नाही. ऑप्टोकप्लर, म्हणजे आतल्या एलईडीच्या प्रकाशाने चालणारा स्विच, फ्लॅशगनच्या बाहेर, वेगळ्या छोट्या डबीत बसवता येतो. एमओसी ३०२१ हा ४०० व्होल्ट सोसणारा, आत ट्रायक, म्हणजे दोन्ही दिशांनी प्रवाह वाहू देणारा स्विच, असलेला भाग सहज मिळतो. त्याच्या ट्रायकची बाजू फ्लॅशगनच्या पायाला जोडावी. त्यामुळे ध्रुव कोणतेही असले तरी चालते. एलईडीची बाजू दोन लहान सेल, योग्य रोध आणि कॅमेऱ्याचा सिंक यांच्या मालिकेत जोडावी. एलईडीला १५ मिलीअँपिअरपर्यंतचा प्रवाह लागू शकतो, त्या हिशेबाने रोध निवडावा. कॅमेऱ्याच्या वाट्याला मग केवळ ३ व्होल्ट येतात, आणि दोन्ही बाजूंमध्ये प्रकाशाशिवाय दुसरा दुवा राहत नाही. डबी पूर्ण झाल्यावर कॅमेऱ्याला जोडण्याआधी तिच्या कॅमेऱ्याकडच्या टोकांवरचा दाब मीटरने पाहावा.

प्रश्न : माझ्या सासूबाईंच्या फ्लॅशगनचा दाब मोजला, ४ व्होल्ट आला. आता तिच्या डायलवर एएसए, डिन आणि फूट लिहिले आहे त्याचे काय करायचे? गौरींचे फोटो काढायचे आहेत. (एक वाचिका, नारायण पेठ)

उत्तर : एएसए म्हणजेच आजचा आयएसओ, आकडा तोच. डिनमध्ये २१ म्हणजे १००, २४ म्हणजे २०० आणि २७ म्हणजे ४००. गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशगनच्या ताकदीचा आकडा, फुटांत असेल तर ३.३ ने भागून मीटरमध्ये आणावा, आणि त्याला अंतराने भागले की छिद्राचा आकडा मिळतो. गाइड नंबर २८ असेल आणि गौरी साडेतीन मीटरवर असतील, तर एफ ८. आयएसओ १०० वरून ४०० वर नेला तर गाइड नंबर दुप्पट होतो. कॅमेरा मॅन्युअलवर, शटर १/१२५ वर ठेवावे; फार जलद ठेवले तर फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येतो. फ्लॅशगनवर ऑटोची सोय असेल तर तिने सांगितलेले छिद्र आणि आयएसओ कॅमेऱ्यावर जसेच्या तसे लावावेत. प्रकाश मोजण्याचे काम ती स्वतःच्या डोळ्याने करते, कॅमेऱ्याशी बोलण्याची तिला गरज पडत नाही.

एक सूचना मात्र करतो. पितळी मुखवट्यांवर, नथीवर आणि जरीच्या काठांवर थेट फ्लॅश मारला, की पांढरे डाग पडतात आणि मागच्या भिंतीवर मखराची काळी सावली उभी राहते. फ्लॅशगनचे डोके वळत असेल तर ते छताकडे वळवावे, तिचा सेन्सर गौरींकडे राहू द्यावा आणि ऑटो वापरत नसाल तर छिद्र निदान दोन स्टॉप, म्हणजे दोन टप्पे, उघडावे. छत पांढरे हवे. आपल्या पेठेतल्या जुन्या वाड्यात तुळया आणि लाकडी तक्तपोशी असेल तर सगळा प्रकाश तीच पिऊन टाकते. तेथे गौरींच्या थोडे पुढे, डोक्याच्या वर, एखादी धुतलेली पांढरी चादर दोघांनी धरली तरी काम होते. धरणाऱ्यांचे हात फोटोत येणार नाहीत, एवढे आधी पाहून घ्यावे.